गायरान, ठेलारी आणि गावाची एकी: चराईबंदीचा ठराव करण्याआधी एवढं बघा

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. शिंदखेडा तालुक्यातलं कोरडवाहू गाव, निम्मी तरुण पोरं सुरतला, बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या, गायरान बोडकं. मागच्या पावसाळ्यात ठेलारी मेंढपाळांशी भांडण झालं ते पोलिसात गेलं, आणि आता तरुण मंडळ म्हणतंय ग्रामसभा घेऊन गायरानात संपूर्ण चराईबंदी करून टाकू. करावी का, आणि केली तर गाव एक होईल का फुटेल?

माझं उत्तर असं की बंदी करा, पण सगळ्या गायरानाची नको, आणि सुरुवात बंदीपासून तर अजिबातच नको. मी पशुसंवर्धनात नोकरी केली आणि नंतर चारा-पाण्याच्या कामात धुळे-नंदुरबारची बरीच गावं जवळून बघितली. जिथं ठराव आधी झाला आणि बोलणी नंतर, तिथं दोन पावसाळ्यांत ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला आणि गायरान परत होतं तसं. आपल्याकडं पाऊस कमी असला तरी दोन-तीन वर्षं जमीन राखली की गवत येतं, ते काम निसर्गच करतो. ते गवत कोणाचं, कोणी किती न्यायचं, ज्याची ढोरं तिथं चरत होती त्यानं तोवर काय करायचं, हे ठरवणं खरं काम आहे आणि ते माणसांनाच करावं लागतं.

जुने लोक सांगतात पूर्वी गाव एकदिलानं राहायचं. मला ते अर्धवट वाटतं. भांडणं तेव्हाही होती, जातीची उतरंड तर आजच्यापेक्षा कडक होती, विहिरीवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं, ते दिवस परत यावेत असं कोणी म्हणू नये. पण एक गोष्ट होती. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं दुसऱ्याशी वर्षभराचं काहीतरी देणं-घेणं होतं आणि ते मधेच तुटलं तर दोघांचंही नुकसान होतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या गड्याचं, साल संपायचं, त्याच दिवशी नवं साल ठरायचं, पैसे किती, धान्य किती, कपडे-जोडे काय, आणि एकदा ठरलं की पुढच्या अखाजीपर्यंत मालकालाही फिरता येत नव्हतं आणि सालदारालाही. गावाची ढोरं सकाळी एका जागी गोळा व्हायची, गुराखी घेऊन जायचा, घरटी ढोरामागे त्याला धान्य. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. मेंढपाळ आला की वावरात मेंढ्या बसवायच्या, त्याला दाणे मिळायचे, वावराला खत. गाव एकत्र होतं ते या व्यवहारांमुळे, माया नंतरची. आणि हे व्यवहार एकेक करून सुटत गेले, कोणी ठरवून मोडले नाहीत, म्हणून ते कधी गेले हेसुद्धा गावाला नीट कळलं नाही.

ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला, तणनाशक आलं, तेव्हा वखर-कोळप्याची गरज कमी झाली आणि बैल कमी झाले. यात शेतकऱ्याची चूक नाही, चार-पाच एकरावर वर्षभर बैलजोडी पोसायला परवडत नाही हे साधं गणित आहे. त्यात ज्वारी गेली. आपल्या काळ्या जमिनीत, तापीकाठी तर विशेष, दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, व्हायची आणि दादरीचा कडबा म्हणजे ढोरांचं वर्षाचं जेवण, ती जागा कपाशीनं आणि मक्यानं घेतली, बीटी कपाशी २००२ ला आल्यावर तर फारच झपाट्यानं. कपाशीच्या पऱ्हाटीचा कडबा होत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, कायदा बरोबर की चूक त्यात मी इथं शिरत नाही, पण बाजारावर परिणाम हा झाला की म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा हा जो सगळ्या कोरडवाहू शेतकऱ्यांचा रिवाज होता तो अडला. मग २०२२ ला लम्पीची, म्हणजे ढोरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ आली, त्या साथीत तो राज्यात आधी आपल्याच खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात दिसला, गुरांचे बाजार बंद झाले, आणि बऱ्याच घरांनी तेव्हा ढोरं काढली ती परत घेतली नाहीत. २०१९ च्या पशुगणनेतच राज्यातल्या गाई-बैलांची संख्या २०१२ पेक्षा दहाएक टक्क्यांनी घटली होती, लम्पी त्याच्याही नंतरचा. तुमच्या गावात दिसतंय ते एकट्या तुमच्या गावाचं नाही.

आता ढोरं कमी झाली म्हणजे गायरानावरचा भार कमी व्हायला हवा होता ना? झाला उलटाच. ज्या मोठ्या शेतकऱ्यांची ढोरं गायरानात जायची तेच गायरानाची काळजी घ्यायचे, गुराख्याला विचारायचे, अतिक्रमण झालं तर बोलायचे. त्यांचे बैल गेले, म्हशी आल्या, म्हशी गोठ्यात उभ्या राहून पेंड आणि मक्याचा मुरघास खातात, गायरानाशी त्यांचा संबंध संपला. उरले भूमिहीन लोकांच्या शेळ्या आणि मेंढपाळांच्या मेंढ्या, म्हणजे ज्यांना ग्रामसभेत कोणी विचारत नाही ते. गायरान ओसाड झालं याचं मूळ मला यात दिसतं. ज्यांचा शब्द चालतो त्यांना गरज नाही आणि ज्यांना गरज आहे त्यांचा शब्द चालत नाही.

इथं फडपद्धतीबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्हाला जे करायचंय ते आपल्या भागात लोकांनी शेकडो वर्षं करून दाखवलेलं आहे. पांझरा आणि तिकडं बागलाणात मोसम-आरम या नद्यांवर दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात त्या हंगामाला एकच पीक, कोणत्या फडाला बारमाही, कोणत्याला हंगामी, कोणता पडीक हे सगळे मिळून ठरवणार आणि दरवर्षी आलटून-पालटून. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, पाटकऱ्याला पिकातून हिस्सा. यातली खरी खुबी अशी की बहुतेक घरांचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडात असायचा, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा सोडायचा ठरला तर तोटा सगळ्यांना सारखा, कोणाचं एकट्याचं मरण नाही. म्हणून कठीण वर्षीसुद्धा निर्णय होऊ शकायचा. पुढं वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं बारमाही पाणी कमी झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याच्या विहिरीला पाणी तो म्हणाला मी माझ्या मर्जीचं पीक घेईन, जमिनीचे हिस्से पडले, आणि बऱ्याच बंधाऱ्यांवर फड नावालाच राहिला. फड परत उभा करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गायरानाचा नियम करताना ही एक गोष्ट तिथून उचला की तोटा सगळ्यांच्या वाट्याला यायला पाहिजे. संपूर्ण चराईबंदीत तोटा फक्त शेळीवाल्या बाईला आणि मेंढपाळाला होतो, ज्याच्या गोठ्यात म्हशी आहेत त्याला शून्य, म्हणून तो नियम टिकत नाही.

आता ठेलाऱ्यांचं बघू, कारण तुमचं भांडण तिथंच आहे. ठेलारी म्हणजे धनगर समाजातलेच, साक्री, शिंदखेडा, धुळे, नंदुरबार याच पट्ट्यातले, परके कोणी नाहीत, बऱ्याच जणांची घरं आणि मतदार यादीत नावं तुमच्याच आसपासच्या गावांत आहेत. पावसाळ्यात ते घराकडं माळरानावर असतात, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे कळपासकट त्यांचा तळ, हलतो, कोणी गुजरातकडं, कोणी नाशिक-ठाण्याकडं, मृगाच्या सुमारास परत. पूर्वी खरीप निघालं की रान मोकळं व्हायचं आणि मेंढ्या गावोगावच्या रानातून चरत जायच्या. आता विहीर-बोअरवर हरभरा, मका, कांदा उभा असतो, ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, त्यावरून कळप गेला की नळ्या फुटतात आणि शेतकऱ्याचं खरंच नुकसान होतं. मोकळं रान आहे पण तुकड्या-तुकड्यात, आणि दोन तुकड्यांच्या मधे उभं पीक.

दुसरं एक कारण लोक बोलत नाहीत. पूर्वी मेंढपाळाचं आणि शेतकऱ्याचं नातं घराण्याशी होतं, अमक्या वाड्याच्या मेंढ्या तमक्या आबांच्या वावरात बसणार हे बापापासून चालत आलेलं. आता आबा गेले, पोरगा सुरतला, वावर निमबटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलेलं आणि बटाईदार दर दोन वर्षांनी बदलणारा. मेंढपाळानं परवानगी मागायची कोणाला? बटाईदार म्हणतो मालकाला विचार, मालक फोन उचलत नाही, मेंढ्यांना तर आजच खायचंय. असंच भांडण पेटतं, आणि मग गावात त्याला ठेलारी विरुद्ध गाव असं नाव पडतं.

आणि मेंढ्यांची गरज संपलीय असंही नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते तुम्ही बघितलंय. तेव्हापासून कृषी खातं कानीकपाळी ओरडून सांगतंय की फरदड, म्हणजे त्याच कपाशीचं लांबवलेलं दुसरं पीक, घेऊ नका, कपाशी वेळेत मोडा, आणि शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा. मेंढ्या पाला खातात, उरलेली किडकी हिरवी बोंडं खातात, बोंडातली अळी तिथंच संपते, वर लेंड्यांचं खत पडतं. हे काम मजूर लावून करायला गेलात तर एकराला किती पैसे लागतील याचा हिशोब करा. फक्त शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते मेंढपाळाला सांगायला पाहिजे, नाहीतर मेंढ्या दगावतात आणि पुन्हा भांडण. तसंच कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांचं, पाण्याचा ताण पडला की त्यात विष तयार होतं, किराळ लागते म्हणतो आपण, मेंढरू बघता बघता पडतं. मेंढपाळांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण वावरात काय पेरलं होतं आणि काय फवारलं होतं हे सांगणारा माणूस तर गावात पाहिजे.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात अवघड गाठ पावसाळ्याची आहे. गवताला राखायचं तर पावसाळ्यातच, कारण जून ते सप्टेंबर या काळात कोंब खाल्ला गेला तर मुळात ताकद राहत नाही आणि बी धरत नाही. आणि नेमकं त्याच काळात ठेलारी घरी असतात, शेतं पेरलेली असतात, मेंढ्यांना गायरान आणि डोंगर सोडून दुसरी जागाच नसते. म्हणजे तुम्ही पावसाळी बंदी केली की त्यांचं चार महिन्यांचं सगळं बंद. उन्हाळ्यात बंदी केली तर त्यांना फरक पडत नाही पण गवतालाही काही उपयोग नाही. हे समजून न घेता ठराव केला तर मारामारी होणारच, त्यात कोणी वाईट माणूस असायची गरज नाही.

म्हणून गायरानाचे तीन भाग करा. नकाशा तलाठ्याकडून घ्या पण भाग पाडायला गुराखी आणि मेंढपाळांना सोबत घेऊन चाला, पाणी कुठं, वाट कुठून, मुरूम कुठं आणि माती कुठं हे त्यांना माहीत असतं. एक भाग दोन पावसाळे पूर्ण बंद. दुसरा भाग पाऊस सुरू झाल्यापासून बंद पण गवत वीतभर वर आलं, साधारण पोळ्याच्या आसपास, की मोजक्या मेंढ्यांना उघडा. तिसरा भाग उघडाच. दोन वर्षांनी पाळी बदला. उघड्या भागाचे हाल होतील, ते मान्य करून चला, तो भाग म्हणजे बाकीच्या दोघांची किंमत आहे.

जमीन किती खालावली हे आता, पाऊस पडून गेल्यावर, स्वतः जाऊन बघा. सगळीकडं कुसळी आणि तरोटा असेल तर चांगल्या गवताची मुळं संपत आलीत असं समजा. कुसळीचं कुसळ लोकरीत घुसतं, कातडीला टोचतं, तोंडात जखम करतं, म्हणून ती कुसळ धरायच्या आधीच कापली तर चारा, नंतर कचरा. मारवेल आणि पवन्या या चांगल्या गवतांचे चार-दोन ठोंब कुठं बांधाला, काटेरी झुडपाच्या आडोशाला जिवंत दिसले तर नशीब समजा, राखलं की ते तिथून पसरतात, बी विकत घ्यायची गरज नाही. अगदीच उघडी जागा असेल तिथं समतल चर काढा आणि चराच्या मातीवर स्टायलो, म्हणजे शेंगवर्गातला चारा, आणि मारवेल टाका. एक विनंती, गायरानात खड्डे करून दाट झाडं लावू नका. कार्यक्रमाला फोटो चांगला येतो पण गवताला वाढायला ऊन पाहिजे असतं, आणि माळरान ही रिकामी जागा नसते, तिथं गवत हेच पीक आहे. धुळे तालुक्यातलं लामकानी बघून या. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लोकांनी स्वतः पाळून तिथल्या डोंगरावर गवत परत आणलंय. तरुण मंडळाला तिथं घेऊन जा, आणि गवताबरोबर हेही विचारा की पहिल्या वर्षी विरोध कोणाचा होता आणि त्याची समजूत कशी काढली. तिकडं साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते गाव. तिथं चारशे हेक्टरांवर जंगल गावानं राखलं, पण त्या गावाला जंगलातून रोजचं काहीतरी मिळत होतं, भाजी, मोहफुलं, पाणी, म्हणून नियम रोज पाळला गेला.

शेळ्यांचा नियम वेगळा ठेवा. बरेच लोक शेळी-मेंढी एकत्र धरतात, ते चूक आहे, शेळी गवतापेक्षा झुडपाचा पाला जास्त खाते, बोर, बाभळीच्या शेंगा, हिवर. तालुक्यातल्याच एका गावाच्या ग्रामसभेत मी होतो, बंदीचा ठराव वाचून झाला, सगळ्यांनी हात वर केले, आणि मागून एक म्हातारी माय उठली, सहा-सात शेळ्या, जमीन एक गुंठा नाही. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "मी मन्या बकऱ्या कोठे चारू?", म्हणजे मी माझ्या शेळ्या कुठं चारू. सभेत कोणाकडं उत्तर नव्हतं. सरपंच म्हणाले घरी बांधून खाऊ घाला. ती म्हणाली, "काय खावाडू?" बरोबरच होतं तिचं, चारा बांधावरचा आणायचा तर बांध दुसऱ्याचा. शेवटी तिथं असं ठरलं की ज्याच्याकडं जमीन नाही त्याला बंद भागातलं गवत आणि पाला कापून न्यायला पहिला हक्क, पैसे न घेता, आणि ओढ्याकाठच्या सरकारी पट्ट्यात शेवरी-सुबाभूळ लावून ती त्याच घरांना. जमीनवाल्यांनी भाऱ्यामागे पैसे द्यायचे. तो ठराव टिकला. तिची शेळी म्हणजे तिची बँक आहे, बंदी आली की तिला पहिल्याच महिन्यात पडत्या भावात विकावी लागते, आणि विकलेली शेळी परत येत नाही.

कापणीला एक सोपा नियम ठेवा, एका घरातून एका दिवशी एकच विळा. गवताचा लिलाव पहिली काही वर्षं तरी करू नका. लिलाव केला की पैसा दिसतो, पण ज्याच्याकडं म्हशी जास्त तो सगळं उचलतो आणि बाकीच्यांना वाटतं आपण राखलं ते याच्यासाठी. राखणदार ठेवा आणि त्याला वेळेवर पगार द्या, जमलं तर तो मेंढपाळांतलाच किंवा भूमिहीन घरातला असू द्या, रानातला बारकावा त्याला कळतो. दंड छोटा पण पावतीचा, आणि सरपंचाच्या भावाच्या गाईलाही तोच. सगळ्यांचं लक्ष पहिली पावती कोणाच्या नावावर फाटते त्यावर असतं, ती फक्त मेंढपाळाच्या नावावर फाटली तर तिथंच विषय संपला.

मेंढपाळांशी बसताना रिकाम्या हातानं बसू नका. मागायचंय तर द्यायलाही काहीतरी पाहिजे, आणि गावाकडं देण्यासारखं एक आहे ज्यात गावाचाही फायदा आहे, ते म्हणजे लसीकरण. पावसाळ्यातलं कोवळं गवत खाऊन मेंढ्यांना आंत्रविषार होतो, रात्री चांगलं असलेलं मेंढरू सकाळी मेलेलं सापडतं, त्याची लस पावसाच्या आधी टोचावी लागते. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग तर मेंढीकडून गावातल्या शेळ्यांना येतो. वाडा मृगाला परत येतो तेव्हाच पशुवैद्यकीय दवाखान्याला ग्रामपंचायतीच्या पत्रावर कॅम्प मागा, वाड्याच्या मेंढ्या आणि गावातल्या शेळ्या एकाच दिवशी टोचून घ्या. सोबत पाण्याची एक जागा ठरवून द्या आणि कपाशी मोडल्यावर कोणाकोणाच्या वावरात मेंढ्या बसू शकतात त्याची यादी, मालक सुरतला असेल तर फोनवर विचारून बटाईदाराच्या नावासकट. एवढं टेबलावर ठेवून मग म्हणा की पावसाळ्यात हा एक भाग आम्हाला राखायचाय. माझा अनुभव असा की वाड्यातली जुनी माणसं हे ऐकतात, कारण गायरान संपलं तर सगळ्यात आधी मरण त्यांचं आहे हे त्यांना गावापेक्षा चांगलं कळतं. गुजरातच्या काठेवाडी पशुपालकांचे कळप बाहेरून येतात त्यांच्याशी बोलणी वेगळी करावी लागतात, ते दरवर्षी तेच नसतात, तिथं आपले ठेलारीच तुमच्या बाजूनं उभे राहतात जर तुम्ही त्यांना आपलं धरलं तर.

कायद्याचं थोडक्यात. जमीन गायरान म्हणून सरकारी आहे की वनखात्याची हे आधी सातबाऱ्यावर बघा, दोन्हीचे रस्ते वेगळे. गायरान असेल तर ते गावाच्या सार्वजनिक वापरासाठी राखलेलं, अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आहे आणि त्याच वर्षी जुलैत राज्यानं शासन निर्णयही काढला. पण अतिक्रमण काढा म्हणताना वीटभट्टीवाला आणि दोन एकर कसून पोट भरणारा भूमिहीन यांना एका मापानं मोजू नका, नाहीतर तुमची चळवळ गरिबाविरुद्धची होऊन बसेल. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क सामूहिक हक्कांत धरलाय आणि त्यात भटक्या पशुपालकांचा उल्लेख स्पष्ट आहे, म्हणजे मेंढपाळांना सरसकट बाहेर काढणारा ठराव तिथं टिकणारच नाही. उलट त्याच कायद्यानं जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिलाय, दोन्ही एकत्र वापरा.

आमच्याकडं तरुणच नाहीत, हे कोण करणार, असंही तुम्ही विचारलंय. सुरतच्या उधना-लिंबायत-डिंडोलीत अर्धा खानदेश राहतो, ती माणसं गाव सोडून गेली म्हणून गावाची उरली नाहीत असं नाही. खानदेशची देवी कानबाई, तिच्या रोटाला, म्हणजे श्रावणातल्या उत्सवाला, भाऊबंदकी झाडून गावात येते, नोकरीवरून रजा काढून, रेल्वेत उभं राहून. श्रावणातला तो रविवार आणि पुढचा सोमवार गाव भरलेलं असतं, तेवढं वर्षात पुन्हा कधी नसतं. विसर्जन झाल्यावर तिथंच सभा घ्या. ठराव मांडू नका, त्यांना गायरानात घेऊन जा, लहानपणी तिथं काय होतं ते त्यांच्याच तोंडून निघेल. बाहेरगावच्या मंडळांकडून दरवर्षी मंदिराच्या सभामंडपाला, कमानीला पैसे येतात, चांगलं आहे, पण एका वर्षी राखणदाराचा पगार मागून बघा, आणि जे मालक आहेत त्यांच्याकडून वावर बटाईनं देताना मेंढ्या बसवायची मोकळीक बटाईदाराला आहे असं आधीच लिहून घ्या.

जाता जाता, तुमचे पाहुणे रावेर-यावलकडं आहेत म्हणालात, तिथं हे जसंच्या तसं लागू करू नका. तिकडं केळी, बारमाही पाणी, गायरानाचा प्रश्न मागे पडलेला. तिथला प्रश्न सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी मजुरांचा आहे, कुटुंबच्या कुटुंब मळ्यात राहतं, सालानं काम करतं, गावाच्या एकाही यादीत नाव नाही, पोरांची शाळा कोणती ते ठरलेलं नाही. गावाची अर्धी शेती ज्यांच्या हातानं होते ते गावात धरलेच जात नाहीत. तिथं सुरुवात करायची तर शाळेपासून आणि रेशनपासून करावी, त्यावर सविस्तर कधीतरी वेगळं.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. आत्ता दिवाळीआधी, वाडा हलायच्या आत, दोन्हीकडची चार-चार माणसं एकदा बसवा, मागच्या भांडणाची पोलीस केस असेल तर ती आधी मिटवा, ती चालू असताना गवताचं बोलणं होत नाही. हिवाळ्यात कपाशी मोडताना मेंढ्या बसवायची यादी एकदा करून बघा, छोटी असली तरी चालेल. अखाजीच्या आसपास तीन भाग आखा, उन्हाळ्यात चर काढा, मृगाला लसीचा कॅम्प, आणि ठराव त्याच्यानंतर, मेंढपाळांच्या कारभाऱ्याची आणि शेळीवाल्या बायांची सही-अंगठा घेऊनच. सगळ्यात आधी गायरानाचा गट नंबर आणि सातबारा काढून मला कळवा, जमीन महसूलची आहे की वनखात्याची ते बघून ठरावाचा मसुदा कसा लिहायचा ते सांगतो.